तायडे आणि पार्टी, धामणगाव, आज पाच वाजता

या सदरात लिहिणारे बहुतेक जण ‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता’ इथून सुरू करतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत भलतेच श्रद्धाळू होऊन बसतात. माझा नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय... कारण ही एक गोष्ट मला अजून कुठल्याच खणात ठेवता आलेली नाही.

त्या काळात वऱ्हाडचं नाव पुण्या-मुंबईच्या पेपरांत एकाच कारणासाठी छापून यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. नेमकी तीच वेळ साधून पुण्याच्या एका कंपनीने अमरावतीत ऑफिस थाटलं. मोबाइलवर गाण्याचे कार्यक्रम शोधून द्यायचे आणि त्यांची तिकिटं विकायची, हा धंदा. उद्घाटनाला शाली, नारळ आणि ‘वऱ्हाडची सांस्कृतिक भूक’ या विषयावर इंग्रजीत भाषण. वक्त्याच्या अंगावर भुकेचा अनुभव कुठे दिसत नव्हता. माझं साप्ताहिक नुकतंच बंद पडलं होतं, त्यामुळे मला अमरावती आणि अकोल्याचा ‘सिटी हेड’ करण्यात आलं. या साम्राज्यात माझ्या हाताखाली एकच व्यक्ती होती — संघमित्रा तायडे, म्हणजे मित्रा.

मित्रा अकोल्याची. तिचे वडील गुलाबराव भीमगीतं गायचे. जयंतीच्या महिन्यात ‘तायडे आणि पार्टी’ला जेवायला फुरसत नसे. मग कापसाने दगा दिला, गावोगावच्या वर्गण्या आटल्या, पार्टी फुटली. एका सकाळी ‘मूर्तिजापूरकडं कार्यक्रम हाय’ असं सांगून गुलाबराव पेटी घेऊन निघाले, ते परत आलेच नाहीत. मूर्तिजापूरकडे कार्यक्रम नव्हताच. पोलीस, पोस्टर, रेल्वे स्टेशनं... सगळं करून झालं होतं.

आमच्या अ‍ॅपमध्ये एखाद्या कलाकाराला ‘फॉलो’ करायची सोय होती. त्याचा कार्यक्रम कुठेही लागला की फोन वाजणार. मित्राने नोकरी लागताच वडिलांच्या नावाचं पान बनवलं आणि त्यांना फॉलो केलं. कुठल्याही गावात कुणी त्यांना गायला बोलावलं आणि आमच्याकडे नोंद केली, तर तिला कळणार होतं. मी हे पुण्याला कळवलं नाही. त्यांनी लगेच प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर लावलं असतं.

पुढे तिचं लग्न ठरलं आणि पत्रिकेपाशी गाडी अडली. बौद्ध घरांतल्या पत्रिकेत वारलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात. वडिलांचे थोरले भाऊ, तिचे मोठेबाबा, म्हणत होते की आता ते लिहावंच लागेल. विषय निघाला की आई स्वयंपाकघरात जायची. मित्रा म्हणत होती, माझ्या हातानं मी बापाला मारणार नाही. अकोल्याच्या प्रेसवाल्याने शेवटी बजावलं, आज संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, नाहीतर पत्रिका लग्न झाल्यावर वाटा.

त्याच दुपारी आम्ही ऑफिसात डबे उघडले, तेवढ्यात मोठेबाबांचा फोन आला. आवाज असा खणखणीत की मलाही सगळं ऐकू येत होतं.

“पोरी, मले सांग, लोकायले काय सांगू? नवरीचा बाप येऊन राह्यला म्हनून?”

मित्राने फोन ठेवला. घास हातात तसाच. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, पण हा वेगळा आवाज होता, आमच्या अ‍ॅपचा. तिने पाहिलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

“सर, हे तुमी टाकलं का?”

गुलाबराव तायडे आणि पार्टी. धामणगाव रेल्वे. आज, सायंकाळी पाच. खाली एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवाराचं नाव.

आमच्या भागातले कार्यक्रम फक्त आम्ही दोघं टाकायचो. पत्रिकेच्या ताणाने हिनेच हे केलं असावं, असं माझ्या मनात आलं. पण ती माझ्याकडेच संशयाने बघत होती. मी कॉम्प्युटर उघडला. असा कार्यक्रम नोंदवलेलाच नव्हता. माझ्या फोनवर नव्हता. तिच्या फोनवर होता. पुण्याच्या सपोर्टवाल्याने अस्खलित इंग्रजीत सांगितलं की हे शक्य नाही, सबब झालेलं नाही. तोवर मित्राने दोन तिकिटं काढली होती. प्रवेश मोफत होता.

“मी जाऊन राह्यली,” ती म्हणाली. “तुमी नाही आले तं बसनं जातो.”

कुणी तरी क्रूर चेष्टा करतंय, अशी माझी जवळजवळ खात्री होती. मी गाडी काढली. चांदूर रेल्वे मागे पडलं. दोन्हीकडे गुडघ्याएवढी, खुरटलेली कपाशी. प्रेसवाल्याचा फोन येत होता, ती कापत होती.

जिनिंग गावाच्या अलीकडेच होतं. फाटक अर्धवट उघडं, आत गवत. समोर चहाची टपरी. टपरीवरच्या चाचांना कार्यक्रमाचं विचारलं, तर ते आमच्याकडे बघतच राहिले.

“प्रोग्राम? यहाँ? अरे साहब, जिनिंग बंद होके जमाना हुआ. लाइट भी काट के ले गए.”

फाटकापाशी मी तिकिटं तपासायचं अ‍ॅप उघडलं. सवय म्हणा, किंवा हा खेळ तिथेच संपवायची घाई म्हणा. खोटं तिकीट लाल दिसतं. माझं लाल दिसलं. मित्राचं हिरवं झालं... ‘प्रवेश द्या’.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिकिटं विकणाऱ्या कंपनीचा माणूस मी, आयुष्यात पहिल्यांदा विनातिकीट आत गेलो.

आत पत्र्याची लांबलचक शेड होती. वरच्या जाळ्यांत जुना कापूस अडकून काळा पडलेला. ऊन तिरपं येत होतं. माणूस नाही, खुर्ची नाही. चला आता, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि माइक चालू होताना होते तशी खरखर आली.

“मांगच्यायले आयकू येऊन राह्यलं का?”

पुरुषाचा आवाज. जरा घोगरा, घाई नसलेला. कुठून आला ते कळलं नाही.

माझ्या शेजारी मित्राने हात वर केला. सरळ, शाळेत हजेरी देतात तसा. आम्ही वाट पाहिली. शेडमध्ये कबुतरं फडफडली, तेवढंच. तिचा हात बराच वेळ वर होता. मग हळूहळू खाली आला.

मी शेड पालथी घातली. स्पीकर नाही, वायर नाही, बल्बचा होल्डरसुद्धा उपटून नेलेला. बाहेर आलो तर चाचा कपबशा धूत होते.

“शुरू नहीं हुआ क्या अभी तक?” त्यांनी विचारलं. “माइक तो चालू था.”

गाडीत बसल्यावर मित्राने फोन लावला.

“मोठेबाबा, कालकथित टाका... हो. आईले मी सांगतो.”

तिने फोन ठेवला.

बरंच अंतर गेल्यावर मी म्हणालो की आवाज तर आपण दोघांनी ऐकला. मग उलट आशा वाढायला हवी... उद्या पोलीस घेऊन येऊ, गाव धुंडाळू.

“लहानपनी बाबा मले शेवटच्या रांगेत उभं करत,” ती समोर बघत म्हणाली. “माइकवर असंच इचारत. मी हात वर केला की गानं सुरू. जत्रा असो, पाऊस असो... मी हात वर केला आन बाबा गायले नाही, असं कधीच झालं नाही, सर.”

दुसऱ्या दिवशी मी पोलीस घेऊन गेलोच. काही सापडलं नाही. चाचा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. मित्राच्या फोनवरचा कार्यक्रम आणि तिकिटं रातोरात नाहीशी झाली होती. गावातलं एखादं बारसं, स्टेशनचा भोंगा, रिकाम्या शेडमधला घुमारा... मी सगळं तपासून पाहिलं, एकही बसत नाही. पत्रिका वेळेत वाटल्या गेल्या, लग्न अकोल्यात नीट पार पडलं. कंपनीने पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला, या वेळी भाषणाशिवाय.

तो आवाज कुठून आला, याचं उत्तर मी अजून शोधतोय. त्यानंतर गाणं का सुरू झालं नाही, याचं उत्तर मित्राकडे आहे, आणि ते मला आजवर खोडता आलेलं नाही.