जॉइनिंगची तारीख

एमसीए झाल्यावर ताहेरानं दोन वर्षं पुण्याच्या कंपन्यांना अर्ज केले. परीक्षा दिल्या, लॅपटॉपसमोर बसून मुलाखती दिल्या. शेवटी काम दिलं ते वाळूजच्या आप्पासाहेबांनी. आप्पासाहेब मूळ पाचोडचे. गाड्यांचे सुटे भाग बनवायचा त्यांचा छोटा कारखाना होता. किती माल निघाला, किती बाद झाला, याचा हिशेब एका जुन्या प्रोग्रॅमवर चालायचा आणि तो प्रोग्रॅम दर आठवड्याला बंद पडायचा.

"तुझ्याआधी चार जण येऊन गेले," आप्पासाहेब म्हणाले. "सहा महिने शिकायचं अन् पुणं गाठायचं. तूबी जाशील ना?"

खोटं बोलायचाही तिला कंटाळा आला होता. "बोलावणं आलं तर जाईन, साहेब."

"बरं झालं सांगितलंस. जा, पण दुसरं माणूस तयार करून जा."

त्या चौघांनी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं वाचण्यातच तिचे चार महिने गेले. एकानं मधेच नुसतं 'उरलेलं सोमवारी' असं लिहून ठेवलं होतं आणि पुढं काहीच नव्हतं. ते उरलेलं ताहेरानं पुरं केलं. वर्षभरानं मशीनवरचे सांडूमामा येऊन म्हणाले, "मॅडम, लई दिवसांनी आकडा खरा निघतोय." एवढंच, पण तिला ते पुरलं.

आणि मग पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. एक जुलैला जॉइनिंग. शहागंजातलं कापडाचं दुकान दुपारीच बंद करून अब्बा मिठाई घेऊन घरी आले.

आप्पासाहेबांनी जाहिरात दिली. एका जागेसाठी नव्वद अर्ज आले. ते ताहेरानंच चाळले. त्यात पुण्याहून परत आलेले कितीतरी होते, पाच-पाच, सात-सात वर्षांचा अनुभव असलेले. हे एवढे परत का येतायत, असा विचार तिच्या मनात आला, पण तिनं तो तिथंच सोडला. तिनं बजाजनगरची सोनिया निवडली. पोरगी नुकतीच पास झालेली, पण एकदा सांगितलेलं विसरत नव्हती. महिनाभर बसून ताहेरानं तिला सगळं शिकवलं आणि नोकरी सोडली.

जूनच्या शेवटी मेल आला, जॉइनिंग पुढं ढकललं आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा तोच मेल. फोन केला की तिकडची मुलगी गोड आवाजात तेच वाक्य म्हणायची.

सप्टेंबरात ताहेरा आप्पासाहेबांकडं गेली.

"सोनिया नीट करतेय ना काम?" तिनं विचारलं.

"तू शिकवलंस, नीटच करणार." आप्पासाहेबांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "दोघींपुरतं काम नाय माझ्याकडं. अन् त्या पोरीला काढू कसं?"

"काढू नका. मी त्यासाठी नाही आले."

पण इकडं येताना रिक्षात नेमकं तेच तिच्या मनात घोळत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. केबिनच्या काचेपलीकडं सोनिया मान खाली घालून काम करत होती. तिला न भेटताच ताहेरा निघाली.

आप्पासाहेबांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका कारखान्यात शब्द टाकला. तिथं प्रोग्रॅम लिहायचा नव्हता, फक्त गेटमधून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या चलनांची माहिती कॉम्प्युटरवर भरायची होती. ताहेरानं ते काम घेतलं. अब्बांना सांगितलं, "कॉम्प्युटरचंच आहे."

अडलं की सोनिया जेवणाच्या सुट्टीत फोन करते. "दीदी, इथं बघा ना, हे पुढंच जात नाय." डबा बाजूला सारून ताहेरा एकेक ओळ वाचून दाखवायला सांगते. त्या अर्ध्या तासात ताहेराचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा ठाम होतो.

डिसेंबरात पुण्याचा शेवटचा मेल आला. जागा रद्द झाली होती. कारखान्याच्या बसमध्ये, घरी परतताना तिनं तो वाचला. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. शेजारी पॅकिंगमधल्या गीताबाई बसल्या होत्या. "मावशी, माझा स्टॉप आला की उठवा," ती म्हणाली, आणि डोकं खिडकीला टेकून झोपून गेली.