लाहूचा पाहुणा पेनड्राईव्ह

वेवजी गावचा लाहू म्हणजे चालतं काम मध्येच न थांबवणारा माणूस. विहिरीवरचं इंजिन एकदा सुरू केलं की वाफा भरेपर्यंत हलायचा नाही. त्यापायी तो स्वतःच्याच हळदीला उशिरा पोचला, हे त्याची बायको कमळी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

तर झालं असं. कमळीचा पाय प्लास्टरात, ती खाटेवर. तिकडे वापीला लेक संगीता हिला मुलगी झालेली आणि संध्याकाळी बारसं. फोनात बघायचं तर कमळी म्हणे, "चिंचोक्याएवढं दिसतं, पोर आहे का बटाटा ते कळत नाही." म्हणून जावयाने जुना लॅपटॉप धाडला, तर तो सुरू केला की निळा पडायचा आणि बंद व्हायचा. तलासरीच्या दुकानदाराने नवी सिस्टीम भरलेला पेनड्राईव्ह दिला. "हा खोचा, विचारेल त्याला पुढे-पुढे म्हणा. झालं!"

इंग्रजी वाचायला शेजारचा जीपवाला नितीन बसला. भाषा कुठली, देश कुठला, कीबोर्ड कुठला...

"काका, जुनं सगळं पुसू का विचारतंय."

"पूस. त्यात आपलं काय ठेवलंय?"

पट्टी सरकत सरकत भरली. नितीन म्हणाला, "आता पेनड्राईव्ह काढा म्हणतंय."

"खुळा का तू? जेवत्या पाहुण्याखालचा पाट कुणी ओढतं का? दाब पुढे!"

दाबलं. लॅपटॉप बंद झाला, आपोआप सुरू झाला आणि पुन्हा पहिल्यापासून: भाषा कुठली? परत सगळं केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी पट्टी भरली, तसं नितीनने पेनड्राईव्हकडे बोट दाखवलं. ऊन ओटीवरून उतरलं, बारशाची वेळ होत आली. लाहूच्या कपाळावर घाम.

खाटेवरून कमळी म्हणाली, "अवो, तुमचा पाहुणा कधीच जेवून उठलाय. तुमीच त्याला धरून पुन्हा पुन्हा वाढताय. काढा ती काडी!"

लाहूने डोळे मिटून पेनड्राईव्ह ओढला, नितीनने पुढे दाबलं. लॅपटॉप बंद झाला, सुरू झाला, आणि या वेळी त्याने काहीच विचारलं नाही. नितीनने आपल्या फोनचं नेट जोडलं आणि वापीला व्हिडिओ कॉल लावला.

पडदाभर पोर आलं. लाल, सुरकुतलेलं, जांभई देणारं. कमळी पुढे वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"कशी आहे?" लाहूने हळूच विचारलं.

"झकास आहे. नाक तेवढं तुमचं घेतलंय, बिचारीने."

लाहू इतका हसला, की तिकडे वापीत पोर दचकून रडायला लागलं.