एकेचाळीस बटणांचे उलटे वेढे

१४ मार्च १९८६ रोजी शुक्रवार होता. कोणतेही जुने कॅलेंडर हे सांगेल. शाळेच्या हस्तकला-नोंदवहीत त्या तारखेखाली एकेचाळीस नावे आहेत आणि सहीची जागा कोरी आहे.

ती सही शिवणाच्या बाईंची. बटण लावणे, जखम बांधणे, फ्यूज बदलणे, नकाशा वाचणे, अर्ज लिहिणे ही पाच कामे आल्याखेरीज शाळा सोडल्याचा दाखला मिळत नसे. पहिले काम बाईंकडे होते. मुले त्यांना ‘भिंगबाई’ म्हणत. रिळावर शंभर मीटर छापलेले असले, तरी त्या दोरा टेपने मोजत; नवरा ‘जेवलो’ म्हणाला, तरी आधी ताट बघत.

त्या आठवड्यात बाई तापाने फणफणल्या होत्या, म्हणून मुलांनी बटणे घरूनच लावून आणली. शुक्रवारी बाईंनी भिंग धरले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक बटणाखाली दोऱ्याचे वेढे उलट्या दिशेने होते. वर्गात डावखुरी एकच होती: इस्त्रीवाल्याची मुलगी.

“करून टाका सही, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, एकेचाळीस हात आणि सवय एकच? डोळ्यांत धूळ फेकायची, तर जरा नीट तरी फेकावी!”

लबाडी ठरली असती, तर मुलीचा दाखला अडला असता आणि त्याबरोबर परिचारिका-वर्गातला प्रवेशही. बाईंनी तिला बोलावले.

“सगळी तूच लावलीस ना?”

“नाही बाई. मी शिकवलं. तुम्ही नव्हतात, मग कोण शिकवणार?”

“चाळीस जणांना?”

“जेवणाच्या सुट्टीत. माझं बघून बघून केलं त्यांनी.”

बाईंनी स्वतःच्या कोटाचे बटण कातरीने उडवले आणि वर्गातल्या सर्वांत धांदरट मुलापुढे कोट टाकला. जीभ बाहेर काढून, उजव्या हाताने, त्याने ते लावले. वेढे उलटेच.

“हिनं तीनदा उसवायला लावलं, बाई,” तो कुरकुरला. “तुमच्यापेक्षा खाष्ट आहे!”

तरीही बाईंनी त्या पानावर सही केली नाही. शनिवारी सर्वांना समोर बसवून बटणे लावून घेतली. सही पुढच्या पानावर आहे. मुलीच्या नावापुढे शेरा आहे: ‘स्वतःला येते, दुसऱ्यालाही शिकवता येते.’ तिला दाखला मिळाला.

कोटाचे ते बटण बाई निवृत्तीपर्यंत अधूनमधून ओढून पाहत. ते निघाले नाही. शुक्रवारची एकेचाळीस बटणे मात्र कोणाच्या हातची होती, हे अद्याप माहीत नाही.