मामाने सोडलेला सुलतान

माझ्या मामाइतक्या मुली बोहल्यावर चढवलेला बाप अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरा नसेल. स्वतः मात्र तो अविवाहित. मामा बरोक ऑपेरात, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या दरबारी संगीतनाटकांत, खर्जातला गायक होता. त्या नाटकांत नायकाचा आवाज चढा लागतो. खर्जवाल्याच्या वाट्याला येतात ते बाप, भुतं, समुद्रदेव आणि पाताळाचे राजे. त्यामुळे मामा पंचविसाव्या वर्षीच म्हातारा झाला आणि वयाने मोठ्या नायिकांना आशीर्वाद देऊ लागला. दोन हजार पाचच्या सुमारास मी मँचेस्टरला शिकायला आलो आणि त्याच्याकडे राहिलो. तो नुसतं "मीठ दे" म्हणाला तरी फाशीची शिक्षा सुनावल्यासारखं वाटे. सकाळी त्याचा रियाज सुरू झाला, की भिंतीपलीकडच्या बाई आपला घर तापवायचा बॉयलर घरघरतोय समजून बॉयलरवाल्याला फोन करत. तो आवाजाचा माग काढत आमच्या दारात येई. मामा त्याला चहा देई आणि गंभीरपणे सांगे, "हा बॉयलर नागपूरचा आहे. याचे पार्ट इथे मिळत नाहीत."

पन्नाशीत त्याला पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली: कैद्यांना छळणारा पूर्वेकडचा सुलतान. दिग्दर्शकाला मामाच्या सावळ्या चेहऱ्यावर आणखी दोन थर काळा रंग हवा होता, आणि प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी रानटी हसू. मी पेटलो. एका बैठकीत निषेधाचं पत्रक लिहून त्याच्यापुढे आपटलं.

"मामा, हा अपमान आहे. तू नाही म्हण."

"अरे क्रांतिकारका, शेवटी तो सुलतान सगळ्यांना माफ करतो. तेवढं एक गाणं गाऊ दे मला. खालचा सूर दरवर्षी झिजतोय. पुढच्या वर्षी कोण विचारणार?"

"म्हणजे तुला सूर मोठा, माणूस नाही?"

हे वाक्य सुचल्याचा मला फार अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी मामाने दिग्दर्शकाला रंग आणि हसू वगळायला सांगितलं. ते जमणार नाही म्हटल्यावर भूमिका सोडून घरी आला.

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. मी चुकलो होतो असं मला आजही वाटत नाही. पण त्या प्रयोगाची दोन तिकिटं मामानेच काढली. मंचावर दुसराच कुणी, तोंडाला रंग फासून, माफीचं ते गाणं गात होता. शेजारी मामा ताठ बसला होता. प्रत्येक ओळीआधी तो पोटभर श्वास घेई, आणि ओळ सुरू झाली की तो न वापरताच हळूच सोडून देई.