लवू हवालदाराची लेक आणि भिंतीवरची रायफल

लवू हवालदाराने एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही चोर पकडला नाही, ही गोष्ट त्याच्या जावयाला फार आवडायची. कुवेतमधल्या अब्बासियातल्या त्यांच्या खोलीत चार माणसं जमली की शत्रुघ्न ती काढायचाच. "आमचे सासरे पोलिसांत होते. पण चोरांना त्यांचा काडीचा त्रास नव्हता!" मग हशा. त्याची बायको रत्नमाला कप गोळा करता करता म्हणायची, "चोर पकडणाऱ्यांच्या हातात बंदूक कोण देत होतं, तेही सांगा की." पण हशा पिकल्यावर आलेलं उत्तर कोण ऐकतो?

गोष्ट मात्र खरी होती. लवू हवालदार रत्नागिरीच्या पोलीस मुख्यालयात हत्यारांच्या खोलीवर होते. पोलीस लाईनीत त्या खोलीला कोत म्हणायचे आणि त्यांना लवू कोतवाला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोटांना अळशीच्या तेलाचा वास. सकाळी रायफली मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या. शुक्रवारी साफसफाई. शिपाई ताडपत्रीवर बसून गप्पा हाणत रायफली उघडायचे, बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढून एकाच ढिगात टाकायचे, आणि परत घालताना जो हाताला येईल तो घालायचे. मग हवालदारांचा आवाज चढायचा. "अरे मेल्यांनो, बोल्ट म्हणजे रायफलीचा नवरा! बाराशे सातचा नवरा बाराशे नऊच्या घरात घातलास, मग संसार खडखडणार नाही तर काय होईल?" प्रत्येक बोल्टवरचा नंबर रायफलीवरच्या नंबराशी जुळवल्याशिवाय त्यांनी कुलूप लावलं नाही.

दसऱ्याला कोतीत शस्त्रपूजा असायची आणि त्या दिवशी लाईनीतल्या पोरांना आत प्रवेश मिळायचा. रत्नमाला सात वर्षांची असताना तिने एक उद्योग केला. रायफलीच्या मागच्या टोकाला, खांद्याला टेकतो त्या भागाला, पितळी पत्रा असतो. त्यात अंगठ्याने दाबून सरकवायचं एक झाकण, आणि आत बोटभर पोकळी. तिथे तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवतात. ही जागा बघून रत्नमालेला आपले चिंचोके तिथेच ठेवावेसे वाटले. चार दिवसांनी साहेबांनी तपासणीत नेमकं तेच झाकण उघडलं आणि सात चिंचोके बुटांवर सांडले. हवालदारांनी ताठ उभं राहून "माझी चूक, साहेब" म्हटलं आणि पंधरा दिवस जादा पहारा केला. लेकीला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "बाय, बाटली नि दोरी. तिसरं काही ठेवायचं नाही. कापडाची चिंदीसुद्धा नाही, ती कोतीत वेगळी मिळते."

लग्न होऊन रत्नमाला शत्रुघ्नच्या घरी आली आणि पंचाण्णव साली त्याच्या मागोमाग कुवेतला. शुवैखच्या एकाच कारखान्यात दोघं कामाला होती. तो बैठकांच्या लाकडी चौकटी करायचा, ती गाद्यागिरद्यांची कव्हरं शिवायची. माप घ्यायला दोघं बरोबर जायची, कारण शत्रुघ्नला कापडातलं कळत नव्हतं आणि मालकाला एकाच्या जागी दोन माणसं परवडत होती, असं ती म्हणायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या सप्टेंबरात कैफानमधल्या एका घराचं काम आलं. तिथे दिवाणिया, म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठक, नव्याने सजवायची होती. सकाळची वेळ, बैठक रिकामी. रत्नमाला टेप घेऊन आत गेली आणि समोरच्या भिंतीवर तिला थ्री नॉट थ्री रायफल दिसली, बाबांच्या कोतीत असायची तसली. लाकूड काळवंडलेलं, पट्टा नाही, नळीचं तोंड शिसं ओतून बंद केलेलं. पण होती तीच. तिचा हात आपोआप छातीकडे आणि मग कपाळाकडे गेला.

"तुम बंदूक को सलाम किया?"

मागे घरातली म्हातारी बाई काठी टेकून उभी होती. सईदा तिचं नाव, पण मोठ्या मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म हमीद, हमीदची आई, म्हणायचे. घरात जन्मभर मुंबईकडची माणसं कामाला राहिलेली, म्हणून तिला नि हमीदला मोडकं हिंदी येत होतं.

"मेरे बाबा पुलिस में थे, मामा. बंदूक सँभालते थे," रत्नमाला ओशाळून म्हणाली. तिकडे घरातल्या मोठ्या बाईला मामा म्हणतात.

म्हातारीने तिला हाताला धरून खाली बसवलं. माप राहिलं बाजूला. सईदाचा नवराही पोलिसात होता, कुवेतात पोलीस नुकते उभे राहिले त्या काळात. तो निवृत्त झाल्यावर खात्याने नळी बंद करून त्याची रायफल त्यालाच भेट दिली आणि ती या भिंतीवर आली. तो गेला. पुढे नव्वद साली इराकी फौज घुसली तेव्हा घर लुटलं गेलं. गालिचे गेले, कागद जळाले, रायफलही गेली. लढाई संपल्यावर कुठल्याशा गोदामातल्या ढिगात ही सापडली आणि हमीदने खटपट करून, रीतसर परवाना काढून ती घरी आणली. सईदाने हात फिरवला आणि म्हणाली, हीच. इतकी वर्षं ते कुणाला खोटं वाटलं नव्हतं.

मग मागच्या महिन्यात हमीदने राई भागातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला रायफलीची किंमत विचारायला बोलावलं. त्याने भिंग लावून पाहिली आणि मान हलवली. बोल्टवरचा नंबर वेगळा, नळीवरचा वेगळा. तुकडे जोडून बनवलेला बाजारी माल. भिंतीवर टांगायला पंधरा दिनार देतो, म्हणाला. आणि हे बोलला तो भरल्या बैठकीत! पाहुण्यांना चघळायला विषय मिळाला. कुणी विचारायचं, "हमीद, तुझ्या बापाची दुसरी अर्धी रायफल कुठाय?" हमीद बँकेत मोठा अधिकारी. त्याला ते लागलं. शनिवारी दुकानदार ती घेऊन जाणार होता.

"सब बोलता, बुढ्ढी की आँख गई," सईदा म्हणाली. "आँख गई. हाथ नहीं गया."

एवढ्यात हमीद आत आला. रत्नमाला उठली. खरं तर टेप उचलून कामाला लागायचं, पण ती भिंतीकडेच बघत राहिली.

"साहब, एक बार नीचे उतारेंगे?"

शत्रुघ्नने दारातूनच डोळे मोठे केले. "गो, माप घे नि चल. आपल्याला काय करायचंय?"

"मला करायचंय," ती म्हणाली.

रायफल खाली आली. तिने ती मांडीवर आडवी घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी, नि पदराने पुसत गेली. मुठीपाशी मुकुट, त्याखाली इंग्रजी अक्षरं, साल बेचाळीस. अक्षरं तिने सावकाश लावली. इशापूर. बंगालातला कारखाना. बाबांच्या कोतीतल्या अर्ध्या रायफलींवर हेच नाव होतं.

"ये हमारे देश में बनी है, साहब. जहाज में बैठकर आई, जैसे हम आए."

मग तिने बोल्ट मागे ओढून बाहेर काढला. हमीद दचकून मागे सरला, कारण तो असा निघतो हे त्याला माहीतच नव्हतं. नंबर पाहिले. खरंच वेगळे होते.

"दुकानवाला यही बोला," हमीद म्हणाला.

"बराबर बोला. पण उलटं समजला." घाईत तिच्या तोंडून मराठी निघालं, मग तिने हिंदीत सांगितलं. ताडपत्रीवरचा ढीग, शुक्रवारची साफसफाई, एकीचा नवरा दुसरीच्या घरात. "साहब, जो बंदूक एक घर में अकेली रही, उसका बोल्ट किससे बदलेगा? ये बदला है, मतलब ये बहुत बंदूकों के साथ रही है. बराक में. टुकड़े जोड़नेवाला तो नंबर घिसकर एक जैसा करता, बेचने को. इसको किसी ने छुपाया नहीं. हर कोत में मेरे बाबा थोड़े ही होते हैं!"

हमीदने बोल्ट हातात घेऊन नंबर पुन्हा पाहिला. मग खुर्चीवर बसला. त्याचा आवाज उतरला होता.

"ठीक है. पुलिस की होगी. लेकिन बाबा की? ढेर में सौ पुलिस की बंदूक थी."

रत्नमालेने रायफल उलटसुलट फिरवून पाहिली. म्हातारी तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेने तिला कानकोंडं झालं. नंबराचा कागद जळालेला. लाकडाला जीभ नसते. मनातल्या मनात तिने गणपतीचं नाव घेतलं, आणि हात नकळत रायफलीच्या मागच्या टोकाला गेला. पितळी पत्र्यावर, झाकणावर.

"ये खोला है कभी?"

"क्या खोलने का?"

तिने अंगठा दाबला. झाकण हललं नाही. शत्रुघ्न खिशातून पेचकस काढून पुढे झाला.

"हात लावू नका! ओरखडा पडेल."

तिने पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली, फटीत दोन थेंब सोडले आणि थांबली. चहा आला. कुणाचं चहाकडे लक्ष नव्हतं. सईदाची काठी तेवढी फरशीवर टकटक करत होती. मग रत्नमालेने पुन्हा अंगठा दाबला. कुरकुरत झाकण सरकलं.

आधी पितळी बाटली निघाली, मग दोरी. आणि दोरीला गुंडाळलेलं तिसरं काहीतरी.

कापडाची चिंदी होती. बाहेरून तेलाने काळी. रत्नमालेने ती बोटांनी उलगडली. आतली घडी अजून निळी होती, त्यावर पांढरे बारीक ठिपके. सरकारी चिंदी अशी नसते. आणि एका बाजूला कड दुमडून हाताने टाके घातलेले, पिवळ्या दोऱ्याचे.

"ये किसी के पहने हुए कपड़े की बाँह है, मामा," ती म्हणाली. "नीले कपड़े को पीला धागा कौन डालता है?"

सईदाने हात पुढे केला. चिंदी डोळ्यांजवळ नेली नाही. बोटांनी टाके चाचपत गेली, एक, दोन, तीन.

"मैं," ती म्हणाली. "नीला धागा ख़तम था."

सरकारी कापड खरखरीत आहे, नळीला मऊ हवं, असं नवऱ्याने म्हटलं होतं. तिने घरातल्या अंगरख्याची बाही फाडून दिली होती. "हमीद पेट में था," ती म्हणाली, आणि समोरचा चाळिशीचा बँकेतला हमीद लहान पोरासारखा खाली गालिच्यावर, आईच्या पायाशी येऊन बसला.

त्याने तिथूनच दुकानदाराला फोन लावला. अरबीतलं रत्नमालेला एकच कळलं, ला, ला, म्हणजे नाही, नाही. मग त्याने फोनवर हात ठेवून आईला काहीतरी सांगितलं. म्हातारी हसली आणि रत्नमालेलाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, "अब दस गुना देता है. उसको पूछो, उसका दुकान कितने का है!"

परतताना गाडी शत्रुघ्न चालवत होता. शुवैखचा सिग्नल आला तेव्हा म्हणाला, "मामंजींनी तुला हे सगळं कधी शिकवलं गो?"

"शिकवलं नाही. चिंचोके ठेवले म्हणून समजलं."

रात्री तिने बाबांना पत्र लिहिलं, पानभर, सगळं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, चार ओळींचं. 'तब्येत बरी आहे. लाकडाला अळशीचं तेलच लावावे, मशीनचं तेल लाकडाला वर्ज्य. बोल्ट गंजला आहे काय ते कळवावे. नियमाबाहेर चिंदी ठेवणाऱ्या त्या दिवंगत शिपायास आमचा नमस्कार.' हे शेवटचं वाक्य शत्रुघ्नने दोनदा मोठ्याने वाचलं.

गाद्या बसवायला ती गेली तेव्हा बैठकीत पाहुणे होते. हमीदने तिला दारातच थांबवून सगळ्यांना काहीतरी सांगितलं. अरबी जिभेवर आपली नावं मोडतात. तरी त्या लांबलचक बोलण्यात एक नाव तिला लख्ख ऐकू आलं. लफू हवलदार. दाढीवाली, पांढऱ्या झग्यांतली सात-आठ माणसं तिच्याकडे बघून मान लववत होती, आणि कुणी हसत नव्हतं. तिने पदर सावरला आणि ताठ उभी राहिली, बाबा साहेबांसमोर उभे राहायचे तशी.

शत्रुघ्नची गोष्टही बदलली. "आमच्या सासऱ्यांनी चोर पकडला नाही," तो अजून म्हणायचा, "पण त्यांच्या लेकीने रायफल पकडली. तीही कुवेतात!"

तेव्हापासून दर दसऱ्याला ती कैफानला जायची. हळदकुंकू, फूल काही नाही, दुसऱ्याचं घर. नुसतं अळशीचं तेल आणि मऊ फडकं. लाकूड पुसायची, मनात हात जोडायची. सईदा शेजारी बसून बघायची. ती निळी चिंदी म्हातारीने परत आत ठेवू दिली नव्हती. तिच्या उशीखाली असायची.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सईदा गेली. रत्नमालेने ठरवलं, आता जायचं नाही. कुणाच्या जिवावर जायचं? लवू हवालदार त्याआधीच गेले होते. दसरा जवळ आला तेव्हा रमजान चालू होता, आणि एका दुपारी फोन वाजला.

"तुम्हारा वो दिन इस साल कब है?" हमीद विचारत होता. "हमारी ईद जैसा है, हर साल हिलता है. मुझे मालूम नहीं पड़ता."

"परसों, साहब."

"रोज़ा खोलने से पहले आना. खाना खाके जाना. शत्रुघ्न को भी लाना."

ती गेली. रायफल उतरवून तयार ठेवलेली होती, खाली स्वच्छ चादर. तिने लाकूड पुसलं, पितळ पुसलं आणि सवयीने झाकणावर अंगठा दाबला. झाकण आता लोण्यासारखं सरकायचं. आत बाटली होती, दोरी होती आणि दोरीला पुन्हा गुंडाळलेली निळी चिंदी. हमीद खिडकीशी उभा राहून मुद्दाम बाहेर बघत होता.

बाटली नि दोरी, तिसरं काही ठेवायचं नाही. बाबांचा आवाज तिला कानात ऐकू आला. तिने चिंदीची घडी नीट केली, पिवळे टाके आतल्या बाजूला घेतले, आणि झाकण लावून टाकलं.