तबेल्यातला मुक्काम

आलापल्लीजवळच्या, इंग्रज साहेबाने बांधलेल्या जुन्या बंगल्यात मी एकदा मुक्कामाला होते. तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने माझं डोकं उठवलं. आंघोळीचं विचारलं, तर म्हणाला, "दवाखान्यात पाणी ठेवलं." चहा शाळेत. बंगल्यात कधीकाळी जे जे भरलं, त्याच नावाने तो प्रत्येक खोली ओळखायचा.

"अन् तुमची झोपायची सोय तबेल्यात केली जी."

"अहो, साहेबाचे घोडे जाऊन जमाना झाला! सरळ एक नंबर, दोन नंबर म्हणा ना!" मी ओरडले.

त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने शांतपणे तोंड पुसलं. "नंबरानं कसं ध्यानात राहीन, बाई?"

सकाळी मी निघाले, तेवढ्यात नवे पाहुणे आले. त्यांची बॅग उचलत चौकीदार म्हणाला, "चला, तुमची सोय भांडखोर बाईच्या खोलीत करतो."