कोणत्या कुशीवर झोपता?

परदेशी निघालेल्यांना लस टोचण्यात सिस्टरबाईंची एकतीस वर्षं गेली. सुई हातात घेण्याआधी त्या प्रत्येकाला दरडावून विचारायच्या, "कोणत्या कुशीवर झोपता?" आणि दुसऱ्या बाजूच्या दंडाला टोचायच्या. "नाहीतर रात्रभर दंड ठणकेल आणि शिव्या मला घालाल!"

बाई निवृत्त झाल्या, पाठोपाठ नवरा गेला आणि घर खायला उठलं. तेव्हा दूरदेशी, निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यात बिनपगारी काम करायचं त्यांनी ठरवलं. मुलीने डोक्याला हात लावला, पण बाई कुणाचं ऐकतात कशाला!

आज त्याच खोलीत, त्याच डुगडुगत्या स्टुलावर त्या स्वतः बाही वर करून बसल्या. समोर त्यांच्याच हाताखाली तयार झालेली नर्स होती. तिने सवयीने विचारलं, "बाई, कोणत्या कुशीवर झोपता?"

लग्न झाल्यापासून बाई डाव्या कुशीवर झोपायच्या, नवऱ्याकडे तोंड करून. आता त्या रिकाम्या उशीकडे बघवत नव्हतं आणि तिच्याकडे पाठ करायला मन धजत नव्हतं.

"हल्ली उताणीच झोपते गं," त्या म्हणाल्या. "टोच कुठल्याही दंडाला."